थांबलेले श्रावणबाळ अनुदान आईला परत कसे मिळाले

आईला श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे निराधार वृद्धांसाठीच्या राज्य शासनाच्या अनुदानाचे, दरमहा १५०० रुपये मिळत असत. परंतु थेट लाभ हस्तांतरण (शासनाकडून पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात) सुरू झाल्यानंतर सलग तीन महिने तिच्या पासबुकात एकही नोंद उमटली नाही. उत्पन्नाचा दाखला आणि हयातीचा दाखला दोन्ही वेळेत दिलेले असल्यामुळे चूक तहसील कार्यालयाचीच असावी, अशी माझी समजूत झाली होती, आणि त्या समजुतीपायी मी दोन हेलपाटे व्यर्थ घातले.

तिसऱ्या खेपेस तहसील कार्यालयात ही अनुदाने पाहणाऱ्या संजय गांधी शाखेतील लिपिकाने यादी दाखवली, तर रक्कम दरमहा जमा होत होती. अशा योजनांचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातात, हे मला तेव्हा कळले. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहिली असता तेथे भलत्याच बँकेचे नाव निघाले. आईने कधीकाळी गावातल्या शिबिरात अंगठा देऊन उघडलेले शून्य शिलकीचे ते खाते होते (पासबुक धान्याच्या डब्याखाली सापडले!). त्यात ४५०० रुपये सुरक्षित होते. मग नेहमीच्या बँकेत आधार जोडणीचा संमती अर्ज भरला, पोच घेतली, आणि पुढचा हप्ता योग्य खात्यात आला.