एमएसचा (माइल्ड स्टीलचा) पार्ट तुटला? वेल्डिंगच्या आधी तुटलेला फेस नीट बघा

पार्ट तुटला की पहिला हात वेल्डिंगच्या होल्डरकडेच जातो. मी एका मोटरच्या ब्रॅकेटला तीनदा वेल्ड मारलं, दर वेळी अजून जाड पट्टी लावून, आणि तिन्ही वेळा तो वेल्डच्या कडेलाच गेला. शेवटी तुटलेला फेस, म्हणजे तुटीची उघडी पडलेली बाजू, भिंगाखाली धरला तेव्हा कारण समोरच दिसत होतं. म्हणून सांगतो, तुटल्यावरची पहिली दहा मिनिटं बघण्यात घालवा.

आधी एक पथ्य: दोन तुकडे एकमेकांत बसवून बघायचे नाहीत, सगळ्यांना तो मोह होतो पण घासून खुणाच पुसल्या जातात. वायर ब्रश नको, बोटही नको. तेल-धूळ असेल तर मऊ ब्रशने ॲसिटोन लावून साफ करा, लगेच वाळवा, आणि टॉर्चचा उजेड एका बाजूने तिरका पाडून बघा, समोरून पाडला तर फेस सपाटच दिसतो.

मग व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) घ्या. एमएस म्हणजे साधारण ०.२५ टक्क्यांपर्यंत कार्बनवालं लोखंड, २५० एमपीएच्या (ताणाचं एकक) आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं, ४०० च्या पुढे कुठेतरी तुटतं आणि तुटायच्या आधी वीसेक टक्के तरी लांबतं. म्हणजे लोड जास्त झाला म्हणून गेलं असेल तर तुटीजवळ ते बारीक झालेलं किंवा वाकलेलं सापडणारच, गोल बारला एका बाजूला वाटी आणि दुसऱ्या बाजूला शंकू, रंग मळकट राखाडी, रेषा रेषा. असं दिसलं तर गोष्ट सरळ आहे, लोड कमी करा नाहीतर सेक्शन (जाडी-रुंदी) वाढवा.

पण बहुतेक वेळा असं दिसत नाही. पार्ट जरासुद्धा वाकलेला नसतो, फेसचा काही भाग गुळगुळीत आणि त्यावर लाटा ओसरल्यावर वाळूत राहतात तशा वक्र रेघा, उरलेला भाग खडबडीत. हा फटीग, म्हणजे लोड परत परत आल्याने लोखंडाचं थकणं. त्या रेघा ज्या बिंदूभोवती फिरतात तिथून क्रॅक सुरू झाली, आणि तिथे हमखास काहीतरी सापडतं: वेल्डची कडा, आट्याचा तळ, की-वेचा (शाफ्टमधल्या चावीच्या खाचेचा) कोपरा, ड्रिलचं भोक. खडबडीत भाग छोटा असेल तर लोड फार नव्हता, फक्त लाखो वेळा आला. इथे नुसती जाडी वाढवून भागत नाही, कारण कोपरा तसाच राहतो आणि कंपनही. कोपऱ्याला रेडियस द्या, वेल्डची कडा ग्राइंड करून प्लेटमध्ये अलगद मिसळवा, आणि कंपन येतंय कुठून ते शोधा.

फेस दाणेदार चमकतोय, व्ही आकाराच्या खुणा आहेत आणि वाकणं शून्य, तर ठिसूळ तूट. व्हीची टोकं सुरुवातीकडे बोट दाखवतात. थंडी, जाड प्लेट आणि खाच एकत्र आली की एमएससुद्धा काचेसारखं फुटतं. १६ जानेवारी १९४३ ला शेनेक्टडी नावाचा नवाकोरा टँकर अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभ्या उभ्या असाच दुभंगला. थंडीतल्या कामाला त्या तापमानाला चार्पी टेस्ट (खाचेवर फटका मारून घेतलेली चाचणी) झालेलाच माल घ्या.

आता गंज. पूर्ण फेसवर पातळ नारिंगी थर असेल तर तो तुटल्यानंतरचा. एकाच भागात काळपट तपकिरी, घट्ट बसलेला असेल तर क्रॅक आधीपासून उघडी होती आणि पाणी आत जात होतं. जाडी मोजताना गंज खरवडूनच मोजा, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो आणि पट्टी उलट जाड वाटते. वाकवणाऱ्या लोडखाली पट्टीची जाडी अर्धी झाली की ताण चौपट होतो, दुप्पट नाही, हे बरेच जण विसरतात. शिवाय गंजाच्या खड्ड्यातून फटीग सुरू होतो, स्वच्छ एमएसला एक मर्यादा असते जिच्याखाली ते सहसा थकत नाही, पण ओल्या गंजत्या जागी ती मर्यादाच उरत नाही. आणि स्टेनलेसच्या मोठ्या शीटला एमएसचा छोटा बोल्ट लावू नका, ओलाव्यात तो फार लवकर खाल्ला जातो.

एवढं झाल्यावर वेल्डिंग. क्रॅक पार्टच्या मधेच संपत असेल तर डाय पेनेट्रंटने (क्रॅकमध्ये शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) टोक शोधा, टोकाला भोक पाडा, अख्खी क्रॅक व्ही आकाराची खाच करून काढून टाका, वरून नुसता बीड (वेल्डची रेघ) ओढला तर क्रॅक खाली जिवंतच राहते. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरत असाल तर ओव्हनमध्ये सुकवलेलाच. माणूस उचलणारा किंवा डोक्यावर लटकणारा पार्ट मात्र जोडूच नका, बदला.

माझ्या ब्रॅकेटचं म्हणाल तर मोटरचा पंखा बॅलन्स केला, कोपऱ्याला रेडियस दिला आणि पहिल्या जाडीचीच पट्टी परत लावली. अजून टिकून आहे, तरी महिन्यातून एकदा कडेला टॉर्च मारून बघतो.