एस्तेरचे पुस्तक चार बैठकांत शिकवताना

बायबलमधले एस्तेरचे पुस्तक ही पर्शियाच्या दरबारातली गोष्ट आहे: दरबारी हामान सगळ्या यहूद्यांना मारण्याचे फर्मान काढतो, आणि यहूदी राणी एस्तेर, तिला वाढवणाऱ्या मर्दखयाच्या सांगण्यावरून, राजापुढे जाऊन त्यांना वाचवते. या पुस्तकात 10 अध्याय आणि 167 वचने आहेत, आणि मूळ इब्री मजकुरात देवाचे नाव एकदाही येत नाही. महिला सभेत हे पुस्तक घेताना पहिली चूक इथेच होते: देव कुठे कुठे काम करत होता ते पुढारी बाई पहिल्याच दिवशी सांगून टाकतात आणि बाकीच्यांना शोधायला काही उरत नाही. तुम्ही सांगू नका. त्यांना सापडू द्या.

गट 8 ते 12 जणींचा, बैठक सव्वा तासाची ठेवा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बायका एकत्र असतील तर कोणती प्रत वापरायची ते आधी ठरवा. कॅथलिक बायबलमधल्या ग्रीक भागांत देवाचे नाव आहे, एस्तेरची प्रार्थनाही आहे, त्यामुळे वाचता वाचता गोंधळ उडतो.

पहिल्या दिवशी स्पष्टीकरण नको, फक्त सगळे पुस्तक मोठ्याने वाचा. पाऊण ते एक तास लागतो. राजा अहश्वेरोश, हामान, मर्दखय, एस्तेर आणि निवेदन असे पाच जणींत वाटून दिले, की ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कोण काय बोलले ते कळते. भिंतीवर कागद लावून तारखा लिहीत जा. राजाच्या 3ऱ्या वर्षी आधीची राणी वश्ती हिचे पद जाते. 7व्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात एस्तेर राणी होते. 12व्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात हामान यहूद्यांना मारायचा दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकतो. मधली सव्वाचार वर्षे जवळजवळ कोरी आहेत. मर्दखयाने राजाचा जीव वाचवल्याची नोंद मात्र तिथेच कुठेतरी बखरीत झाली आहे. त्या नोंदीवर खूण करून ठेवा, तिसऱ्या बैठकीत ती लागेल.

दुसरी बैठक पूर्ण चौथ्या अध्यायाला द्या. यातले 14वे वचन, ‘अशाच प्रसंगासाठी तुला राजपद मिळाले असेल’ या अर्थाचे, कॅलेंडरांवर छापलेले असते, म्हणून बहुतेक जणी थेट तिथेच जातात. पहिल्या वचनापासून सुरू करा. एस्तेर आधी मर्दखयाला कपडे पाठवते, त्याने शोकाचे गोणपाट उतरावे म्हणून. तो ते घेत नाही. मग ती आपला सेवक हथाक याला विचारायला धाडते, फर्मानाची नक्कल हातात येते, आणि तिचे पहिले उत्तर भीतीचे असते: न बोलावता आत जाणाऱ्याला मरणाची शिक्षा आहे आणि मला तीस दिवसांत बोलावणे नाही. ही भीती झाकू नका. तिने धोका अगदी अचूक मोजला आहे, आणि तो मोजल्यावरच ती पाऊल टाकते. ‘मेले तर मेले’ हे शब्द 16व्या वचनाच्या शेवटी येतात. त्याआधी ती राजधानी शूशनमधल्या सगळ्या यहूद्यांना तीन दिवस, रात्रंदिवस उपास करायला सांगते. शेवटच्या वचनाकडे लक्ष वेधा: आजवर ती मर्दखयाचे ऐकत आली, आता तो तिने सांगितले तसे करतो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. गटाने उपास धरायचे ठरवले तर अन्नपाण्यावाचून तीन दिवसांची नक्कल करू नका. एक जेवण सोडणे पुरे. मधुमेह असणाऱ्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तेही करू नये. दुसरी याहून गंभीर आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘उपवास-प्रार्थना कर आणि गप्प राहा’ असे सांगायला हे पुस्तक कधीही वापरू नका. मर्दखयाचा सगळा युक्तिवाद गप्प राहण्याच्या विरोधात आहे. महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.

तिसऱ्या बैठकीत अध्याय 5 ते 7. राजा अर्ध्या राज्यापर्यंत द्यायला तयार असताना एस्तेर फक्त जेवायला बोलावते, आणि त्या जेवणात पुन्हा उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देते. का, ते मजकूर सांगत नाही. तुम्हीही कारण रचू नका. सहाव्या अध्यायात आपोआप घडलेल्या गोष्टींची यादी करायला सांगा: राजाची झोप उडते, तो बखर मागवतो, नेमकी मर्दखयाची नोंद वाचली जाते, आणि त्याच वेळी हामान अंगणात उभा असतो. मग विचारा, यातले एस्तेरने काय केले? काहीच नाही. ती त्या प्रसंगात दिसतही नाही. इथे गटाला शांत बसू द्या, लगेच बोलून जागा भरू नका.

हमखास कुणीतरी बस चुकण्यापासून लॉटरीपर्यंत सगळ्यात देवाची योजना दाखवू लागते. या पुस्तकात ती तरतूद मागे वळून पाहिल्यावर दिसते, आणि एका माणसाच्या सोयीसाठी नाही, मारल्या जाणाऱ्या लोकांसाठी दिसते. तेवढे ठामपणे सांगा.

चौथी बैठक अनेक जण गाळतात. गाळू नका. हामान मेला तरी राजमुद्रेचे फर्मान रद्द होत नाही, म्हणून एस्तेरला राजापुढे पुन्हा जावे लागते, या वेळी पाया पडून, रडून. पहिले फर्मान नीसान या पहिल्या यहूदी महिन्याच्या 13व्या दिवशी लिहिले गेले, यहूद्यांना स्वतःचा बचाव करू देणारे उलटे फर्मान सीवान या तिसऱ्या महिन्याच्या 23व्या दिवशी, म्हणजे सुमारे 70 दिवसांनी. नवव्या अध्यायातला, यहूद्यांनी मारलेल्या शत्रूंचा 75,000 हा आकडा कुणीतरी विचारणारच. मजकुरात आहे ते सांगा: परवानगी हल्ला करणाऱ्यांविरुद्ध होती, लूट घेण्याचीही होती, पण लुटीला हात लावला नाही असे तीनदा लिहिले आहे. अस्वस्थता उरली तर उरू द्या.

शेवटी 9:22 वाचा. त्यात एकमेकांना खाण्याचे वाटे आणि गोरगरिबांना देणग्या पाठवायला सांगितले आहे. हाच यहूद्यांचा पूरीम सण. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहूदी, त्याला होळीचा सण म्हणत. त्या दिवशी प्रत्येकीला घरून दोन डबे आणायला सांगा. एक शेजारणीला द्यायचा, दुसरा वस्तीतल्या गरजू घरी बैठक सुटल्यावर लगेच पोचवायचा.