बंगाली कारागीर ठेवलेत? टीप जायच्या आधी ही फाईल बनवा

जळगावच्या सराफात बारीक काम बरंचसं बंगाली पोरांच्या हातचं, हे सगळ्यांना माहीतच आहे. आमच्या माडीवर पश्चिम बंगालच्या हुगळीकडचे चौघं भाड्यानं राहतात, रात्री घरी फोनवर बंगालीत बोलतात. अमळनेरकडचे एक काका दोनदा मला विचारून गेले, "ह्या लोके कोठला शेतस?" म्हणजे हे लोक कुठले. मी हसून सोडलं आणि मग कोणीतरी हे बांगलादेशी आहेत अशी पोलिसांना टीप दिली, काकांनीच दिली असं मी म्हणत नाही, पण सकाळी सातला पोलीस दारात.

टीप देणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही भो. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, १९४६ चा जुना गेला, पण मी परदेशी नाही हे त्या माणसानंच दाखवायचं ही गोष्ट तशीच राहिली. आणि सगळे पहिले आधार काढतात. आधार, पॅन, मतदार कार्डानं कोणी नागरिक ठरत नाही, हे मुंबई हायकोर्टानं ऑगस्ट २०२५ मधे सांगितलंय.

म्हणून फाईलीत जन्म आणि आईबाप दोन्ही पाहिजेत. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्म असेल तर सहसा तेवढंच पुरतं, नंतरच्याला आई किंवा बाप भारतीय असल्याचा पुरावा लागतो, डिसेंबर २००४ नंतरच्याला नियम अजून कडक. जन्मदाखला नसेल तर बंगालमधे दहावीचं माध्यमिक अ‍ॅडमिट कार्ड जन्मतारखेला चालतं, ते मागा. बापाचं नाव २००२ च्या मतदार यादीत शोधा, तिथल्या निवडणूक खात्याच्या साईटवर यादी आहे. जमिनीचा पर्चा, म्हणजे तिकडचा सातबारा, असेल तर उत्तम. आमच्या एकाच्या कार्डावर मंडल आणि बापाच्या यादीत मोंडल, त्या एका मात्रेवर दुपार गेली, तेव्हा स्पेलिंग आत्ताच बघा आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असा गावच्या प्रधानाचा, म्हणजे तिकडच्या सरपंचाचा, दाखला मागवून ठेवा. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला दिल्याची पोचही त्याच फाईलीत.

पोलीस आले तर वाद घालू नका. ओरिजिनल दाखवा, हातात झेरॉक्स द्या, ओरिजिनल घेतलंच तर लेखी पोच मागा. अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. वकील परवडत नसेल तर १५१०० ला फोन, विधी सेवावाले फुकट देतात. आणि त्याच तासाला त्याच्या गावच्या पंचायतीला अन् तिथल्या पोलीस ठाण्याला फोन लावा, उद्या नाही, कारण जून २०२५ मधे मुंबईकडून पकडलेले बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, मग ते भारतीयच निघाले आणि परत आणावे लागले.

तुम्हालाच कोणावर खरा संशय असेल तर ११२ ला किंवा पोलीस स्टेशनला सांगा, पण डोळ्यानं पाहिलेलं सांगा, म्हणजे खोटी कार्डं बनवून विकतोय वगैरे, भाषा किंवा दाढी नाही. स्वतः जाऊन कार्ड मागू नका, व्हिडिओ काढू नका. जाणूनबुजून खोटी खबर दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे.

आमचे चौघं संध्याकाळी पोलीस स्टेशनातून परत आले. आता एक सेट माझ्या कपाटात, एक दुकानात, एक त्यांच्या गावी, अन् फोटो सगळ्यांच्या मोबाईलमधे.