रिमॅपआधीचा लॉग : गाडी रोलरवर चढवण्यापूर्वी

पोलो जीटी टीएसआय हाती आली की वर्ष-दीड वर्षात रिमॅपचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदलण्याचा, विषय निघतोच. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेली १२०० सीसीची गाडी, १०५ पीएस आणि १७५ न्यूटनमीटर. टर्बो असल्यामुळे सॉफ्टवेअर बदलून त्यात बरीच भर घालता येते. पण ट्यूनर (हे सॉफ्टवेअर बदलून देणारा) बहुतेक वेळा दुसऱ्या शहरात बसलेला असतो. त्याला तुमची गाडी दिसत नाही, तिचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्यासमोर असते फक्त तुम्ही पाठवलेली सीएसव्ही फाईल, म्हणजे चालत्या गाडीच्या सेन्सरांच्या आकड्यांची नोंद किंवा लॉग, आणि तिच्यावरून तो इग्निशन (ठिणगीची वेळ) किती पुढे न्यायचं, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) किती वाढवायचा हे ठरवतो. म्हणून माझा आग्रह आहे की रिमॅपचे पैसे भरण्याआधी स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेल्या, गाडीचा नीट लॉग काढा. नंतर काही बिघडल्यासारखं वाटलं तर ताडून पाहायला तोच एक आधार असतो. वॉरंटी चालू असेल तर रिमॅपने ती धोक्यात येते, हा हिशेबही याच वेळी करून टाकावा.

पहिलं काम लॅपटॉपचं नाही, बॉनेटखालचं आहे. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, त्यांची गॅप, टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतचे) सगळे होज आणि क्लॅम्प हाताने चाचपून पाहा. मी हे केलं नव्हतं. माझ्या लॉगमध्ये ईसीयू १८० किलोपास्कल मागत होता आणि मिळत होते १६५ च्या आसपास. ज्यांच्याकडे गाडी दिली होती त्यांनी दोनदा मॅप बदलला, वेस्टगेट (टर्बोला टाळून एक्झॉस्ट वायू बाहेर सोडणारी झडप) आणखी बंद ठेवून दाब भरून काढायचा प्रयत्न केला. तीन आठवड्यांनी कळलं की एका होजचा क्लॅम्प सैल होता आणि जोर लावला की तिथून हवा निसटत होती. त्या तीन आठवड्यांत बिचारा टर्बो विनाकारण जास्त वेगाने फिरत राहिला. शंका असेल तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. गळती कुठे आहे ते धूर थेट दाखवतो.

मग फॉल्ट कोड (ईसीयूने नोंदवलेले बिघाड) वाचा आणि त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा. लॉगच्या दिवशी सकाळी ते पुसू मात्र नका. कोड पुसले की बऱ्याच गाड्यांमध्ये फ्युएल ट्रिमही (ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त दुरुस्ती) शून्यावर येतात, आणि ईसीयू आठवडाभरात जे शिकलेला असतो ते जातं. लाँग टर्म ट्रिम पाच टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा. दहाच्या पुढे असेल तर रिमॅप बाजूला ठेवून आधी कारण शोधा. बॅटरीचंही पाहून घ्या. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४ च्या आसपास दिसले म्हणजे काळजी नाही.

पेट्रोल नेहमीच्या पंपावरून भरा आणि सगळे रन (पूर्ण पॅडल दाबून एकदा आरपीएम चढवत नेणं म्हणजे एक रन) त्याच टाकीवर काढा. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जुन्या लेखांमध्ये १४.७ हे हवा-इंधनाचं प्रमाण जपासारखं येतं. ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचं आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तेच प्रमाण साडेतेराच्या जवळपास येतं, कारण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो आणि ते जळायला हवा कमी लागते. म्हणून लॉगमध्ये गुणोत्तर न घेता लॅम्डा घ्या. इंधन कोणतंही असो, लॅम्डा १ म्हणजे बरोबर पुरेशी हवा, आणि पूर्ण जोरावर तो १ च्या खाली, म्हणजे रिच (इंधन जास्त) बाजूला, जायला हवा.

आता गाडीतले आकडे फोन किंवा लॅपटॉपपर्यंत आणणारा अडॅप्टर. बीएस-४ च्या काळापासून आपल्याकडच्या गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी (गाडीची तपासणी करण्याचं) सॉकेट असतं, त्यात तो बसतो. बाजारात मिळणाऱ्या ईएलएम ३२७ या अडॅप्टर-चिपच्या स्वस्त नकलांमध्ये काही आज्ञा मुळातच नसतात आणि त्या हळूही असतात. हळू म्हणजे काय, ते हिशेब करून पाहा. तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६००० आरपीएमचा रन आठ सेकंदांत संपतो असं धरू. अडॅप्टर सेकंदाला बारा उत्तरं आणतो आणि तुम्ही हौसेने बारा चॅनेल (नोंदवायचे आकडे) निवडले, तर प्रत्येक चॅनेलला सेकंदाला एकच आकडा मिळणार, म्हणजे दर ५०० आरपीएमला एक. मधल्या दरीत नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन गेलं तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. एका रनला चार-पाचच चॅनेल घ्या आणि रन वाढवा. आरपीएम मात्र प्रत्येक रनमध्ये हवाच, त्याच्याशिवाय दोन फायली एकमेकींवर ठेवता येत नाहीत.

पहिल्या रनला आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि थ्रॉटल. दुसऱ्याला आरपीएम, इग्निशन टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे ईसीयूने ठिणगी किती मागे घेतली ते) आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. तिसऱ्याला आरपीएम, लॅम्डा आणि इंधनाच्या रेलचा (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब. नॉक रिटार्ड सर्वसाधारण ओबीडीच्या यादीत नसतो, तिथे फक्त पहिल्या सिलिंडरचं टायमिंग मिळतं. म्हणून फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं, कंपनीचे स्वतःचे चॅनेल वाचणारं साधन लागतं. माझ्या मते पैसे वाचवायची ही जागा नव्हे. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथचा ईएलएम त्याला जोडलाच जात नाही, वाय-फायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागतो.

दाबाचे आकडे वाचताना नवख्यांची हमखास गफलत होते. सेन्सर सांगतो तो निरपेक्ष दाब, त्यात बाहेरच्या हवेचा दाबही आलाच. गाडीप्रेमी ज्याला बूस्ट म्हणतात तो बाहेरचा दाब वजा केल्यावर उरलेला. १८० किलोपास्कल म्हणजे मुंबईत साधारण ०.८ बार बूस्ट, आणि तोच आकडा पुण्यात थोडा जास्त, कारण मुंबईत बाहेरचा दाब १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या, तर महाबळेश्वरला ८६ च्या. तेवढाच निरपेक्ष दाब गाठायला घाटमाथ्यावर टर्बोला जास्त मेहनत करावी लागते. म्हणून फाईलबरोबर गाव लिहायचंच. यातूनच सेन्सरची फुकट तपासणीही होते. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब पाहा. तो बाहेरच्या दाबाइतका दिसला पाहिजे. पुण्यात उभ्या गाडीने १०५ दाखवला तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि पुढचा सगळा लॉग त्याच खोटेपणावर उभा राहणार. शिवाय सर्वसाधारण ओबीडीचा हा आकडा २५५ च्या वर जाऊच शकत नाही. मोठा टर्बो बसवलेल्या गाडीचा आलेख तिथे सपाट झालेला दिसला, तर बूस्ट तिथेच थांबला असं समजू नका.

रन कुठे काढायचा? माझं उत्तर डायनो, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र, हेच आहे. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाईनपर्यंत (आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत) गेलं की वेग शंभरीच्या पुढे सहज जातो, आणि आपल्या रस्त्यांवर समोरून कोण येईल याचा भरवसा नाही. डायनोवर पट्टे नीट ताणलेत का पाहा आणि समोर मोठा पंखा मागून घ्या, नाहीतर रेडिएटर आणि इंटरकूलर दोन्ही तापतात. पुढची चाकं फिरताहेत आणि मागची थांबलीत हे पाहून ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पॉवर कापतं. ते कसं बंद करायचं हे आदल्या दिवशीच डायनोवाल्यांना विचारा, नाहीतर पॅडल तळाला असूनही लॉगमध्ये थ्रॉटल मिटत गेलेला दिसेल आणि तुम्ही भलतंच कारण शोधत बसाल. डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मॅन्युअलमध्ये घ्या. तरीही पॅडल अगदी शेवटच्या टिचकीपलीकडे दाबलं तर किकडाऊन होऊन गिअर खाली पडू शकतो, तेव्हा टिचकीच्या अलीकडे थांबा. वरच्या गिअरमध्ये १२००-१५०० आरपीएमवरून पूर्ण पॅडल कधीच दाबू नका. लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त भार असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि त्या एका धक्क्याने पिस्टन तुटल्याची उदाहरणं आहेत.

इंजिन नीट गरम हवं. डॅशबोर्डवरचा काटा ९० वर आला म्हणून फसू नका, फोक्सवॅगनचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ९० वरच खिळलेला असतो आणि ऑईल त्याच्या मागून तापतं. वीसेक मिनिटं चालवून मग रोलरवर या. एसी बंद ठेवा. दोन रनच्या मध्ये आत जाणाऱ्या हवेचं तापमान पहिल्या रनच्या सुरुवातीला होतं त्याच्या जवळ येऊ द्या. हवा गरम झाली की ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि तिसरा रन पहिल्यापेक्षा अशक्त दिसतो, गाडीत काही बिघडलेलं नसताना. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातची वेळ मिळाली तर सोडू नका. प्रत्येक गटाचे किमान दोन रन घ्या. दोन्ही जुळले तरच त्यांवर विश्वास ठेवा.

स्क्रीनवर डोळे ठेवायला दुसरा माणूस हवा, आणि पाय कधी उचलायचा हे त्याच्याशी आधीच ठरलेलं हवं. एकाच सिलिंडरचा नॉक रिटार्ड प्रत्येक रनमध्ये वाढत चालला, लॅम्डा पूर्ण जोरावर १ कडे सरकू लागला, रेलचा दाब मागणीपेक्षा खाली घसरला किंवा मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं) जाणवला, तर यांपैकी एक गोष्टही पुरेशी आहे. त्याने "सोड" म्हटलं की सोडायचं. डायनोचे पैसे गेले तरी चालतील.

फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ किंवा वाय-फाय पुन्हा चालू करा. रनच्या मधोमध आलेल्या फोनने माझी एक फाईल अर्धी तोडली होती. प्रत्येक फाईलला तिथल्या तिथे नाव द्या: तारीख, रन क्रमांक, गिअर, बाहेरचं तापमान. मूळ फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, आकड्यांचं आणि वेळेचं स्वरूप बदलतं. प्रत काढा आणि प्रतीवर काम करा. काम झालं की अडॅप्टर काढून घ्या. सॉकेटच्या एका पिनला बॅटरीचा पुरवठा कायम असतो, आठवडाभर गाडी उभी राहिली तर लावून ठेवलेला अडॅप्टर बॅटरी उतरवतो.

ट्यूनरला पाठवायच्या मेलमध्ये गाडीचं वर्ष, किलोमीटर, ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर, इंजिन ऑईल कोणतं आणि कधी बदललं, प्लग किती चाललेत, कोणतं पेट्रोल, कोणतं गाव, आणि बदललेला एकूण एक पार्ट लिहा, साधा एअर फिल्टर असला तरी. गिअरबॉक्सबद्दल वेगळी ओळ लिहा. या गाडीतली सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटनमीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेली आहे. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला ती थरथरत असेल तर तेही लपवू नका, म्हणजे तो टॉर्क किती वाढवायचा ते त्या हिशेबाने धरेल. सुरुवातीला घेतलेला फॉल्ट कोडचा स्क्रीनशॉट जोडा, आणि मूळ फायली झिप करून पाठवा.