हाड विरघळवताना या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगावात आमच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्टवाल्यांची रांग लागते. खानापूरचं पोर असो की चिक्कोडीचं, बकऱ्याचं हाड आम्लात टाकतं आणि वेळेनुसार किती कॅल्शियम विरघळलं याचा आलेख काढतं. चुकाही ठरलेल्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे घोटणं. निपाणीकडचा एक पोरगा होता. "सर, उद्या रिझल्ट द्यायचाय की, घोटून बारीक करतो." तासभर खलात घोटलं. पहिल्या पाच मिनिटांतच कॅल्शियमचा आकडा असा चढला की पठ्ठ्या कुंदा घेऊन आला. कुंदा खाल्ला. मग त्याच हाडाची हलक्या हातानं फोडलेली, त्याच चाळणीतली पूड लावायला सांगितली. आलेख निम्म्यावर आला. "पृष्ठभाग वाढला असेल की!" बरं, क्षेत्रफळ बाहेरून मोजून आणलं, त्यानं भागलं. फरक उरलाच. घोटताना स्फटिकाच्या जाळीत दोष शिरतात, वरचा थर विस्कटतो. दोषाभोवतीचे अणू आधीच ताणलेले असतात, त्यामुळं आम्ल पहिला खड्डा तिथंच पाडतं. पोरानं हाड मोजलंच नव्हतं, मोजला होता बत्ता!

मी थोडं फोडतो, चाळतो, पुन्हा थोडं फोडतो, आणि पहिली दहा मिनिटं आलेखात वेगळ्या रंगानं काढतो. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. शुद्ध कृत्रिम हायड्रॉक्सीअपॅटाइट (हाडातल्या कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचं शुद्ध रूप) भट्टीत तापवून दोष कमी करता येतात. हाडाला तो शॉर्टकट लावू नका. कार्बोनेट उडतं, नॅनोमीटरमधले स्फटिक वाढतात. आणि जाळीत घुसलेल्या त्या कार्बोनेटमुळंच तर हाड शुद्ध खनिजापेक्षा लवकर विरघळतं!

दुसरी चूक: वक्र सपाट झाला की "द्रावण संपृक्त" लिहून मोकळं होणं. कॅल्शियम, फॉस्फेट आणि पीएच मोजून हिशोब करा. कित्येकदा द्रावणात अजून जागा असते. ठरावीक आकाराहून लहान खड्डे पसरतच नाहीत, कण इतके बारीक उरले की विरघळणं थबकतं. बफेलो विद्यापीठातल्या जॉर्ज नॅनकोलस यांच्या गटानं हे दाखवलंय.

पीएच स्थिर ठेवायला फॉस्फेट बफर नको, हाडातून सुटणारं फॉस्फेटच आधी ओतल्यासारखं होतं. सायट्रेटही नको, ते कॅल्शियम ओढतं. आणि बोअरचं पाणी "स्वच्छच दिसतंय की" म्हणून वापरलेलंही मी पाहिलंय. त्यात कॅल्शियम आधीच होतं.