फ्लेक्सवर स्पायडर-मॅन नको, आपला पैलवान आणा

सांगलीत जिमचे उद्‌घाटन असो की भडंगाचे नवे दुकान, गूगलवरून हल्क किंवा स्पायडर-मॅन उचलून तासाभरात फ्लेक्स टांगला जातो. हे दोघे मार्व्हलचे, म्हणजे डिस्नेच्या मालकीचे, बॅटमॅन-सुपरमॅन डीसीचे. माहीत असून परवानगीशिवाय वापरले तर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्याच्या फायद्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण दुकानाची जाहिरात धंद्यासाठीच असते. शिवाय तोच स्पायडर-मॅन उद्या शेजारच्याने लावला, तर त्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

‘वीस टक्के बदल केला की चालतं’ असे सर्रास सांगतात. कायद्यात असा आकडा कुठेही नाही. लाल पोशाख भगवा केला, पण कोळ्याचे जाळे आणि पांढरे डोळे तसेच राहिले, तर ती नक्कलच. एआयकडून काढून घेतल्यानेही सुटका होत नाही. सोपी परीक्षा घ्या: नाव झाकून चित्र शाळकरी पोराला दाखवा. त्याने पटकन नायकाचे नाव घेतले, तर चित्र बाद.

त्यापेक्षा स्वतःचे पात्र काढून घ्या. भडंगाचे दुकान असेल तर पीळदार मिशांचा पैलवान, खांद्यावर पंचा, हातात पुडा. पाठीवर उडता झगा नको, छातीवर अक्षर नको, चेहरा कुठल्या नटाचा किंवा खऱ्या मल्लाचा नको. समोरून, बाजूने आणि हात दाखवताना अशा तीन मुद्रा पुरतात.

चित्र कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टरच, म्हणजे कितीही मोठे केले तरी न फाटणारे हवे. सीडीआर म्हणजे कोरलच्या मूळ फाइलसोबत पीडीएफही मागा आणि अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे आकृतीत बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर मराठी फॉन्ट विस्कटतो. जेपीजीच द्यायची वेळ आली, तर 10 बाय 6 फुटांसाठी 72 डीपीआयने (इंचाला 72 ठिपके) 8640 बाय 5184 पिक्सेल लागतात. कडेला दोन इंच मोकळे सोडा, नाहीतर पट्टी दुमडताना फोन नंबर आत जातो.

सगळ्यात जास्त चूक होते ती कागदात. पैसे दिले, पावती घेतली, म्हणजे चित्र आपले झाले असे धरून चालू नका. चित्रकाराकडून सही केलेला कॉपीराइट हस्तांतरणाचा लेखी करार घ्या. त्यात कोणते चित्र, कोणते हक्क, किती मोबदला हे असावे. मुदत आणि प्रदेश तर नक्कीच. कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांचा धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारताचा. म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असे स्पष्ट लिहा.

कॉपीराइट चित्र काढताक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. ट्रेडमार्क, म्हणजे धंद्याची ओळखखूण मात्र नोंदवाच: मालाच्या आणि सेवांच्या वर्गवारीत भडंगासाठी वर्ग 30, जिमसाठी 41. एकट्या मालकाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे 4,500 रुपये. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण.

फ्लेक्स लावायला महापालिकेची परवानगी वेगळी लागते. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध आदेश दिलेले आहेत.

जुन्या चित्रावरून नोटीस आलीच, तर फोनवर वाद घालू नका. पाकिटासकट जपून ठेवा, मिळाल्याची तारीख लिहा, फ्लेक्स त्याच दिवशी उतरवा आणि वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्या. नोटिशीनंतरही चित्र राहिले, तर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग आणि गूगल मॅपवरचे दुकानाचे फोटोही काढा. हे तिसरे हमखास विसरते.