गॅरेजमधल्या वर्कबेंचसाठी स्वस्त आणि दणकट टॉप कसा निवडावा

नाशिकला पाथर्डी फाट्याला आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये मी पहिलं वर्कबेंच केलं, तेव्हा टॉपसाठी ऑफिसातल्या एका जुन्या टेबलाची फळी आणली होती. आतून पार्टिकल बोर्ड, वरून गुळगुळीत सनमायका. मे महिन्यात ती काचेसारखी सपाट होती. जुलैत शटरखालून तिरपा पाऊस आत आला, पुढच्या कडेला दोन-तीनदा ओल लागली आणि ती कड चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली. बोटाने दाबलं की भुसा हातात यायचा. एका रविवारी वाईसचे (वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याचे) चारही स्क्रू उपटून आले आणि वाईसमध्ये धरलेला लोखंडी पाइप माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. तेव्हापासून टॉप घेताना दराच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो: वजन पडल्यावर हा किती वाकेल, आणि पाणी लागल्यावर याचं काय होईल?

नाशिकच्या हवेत दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी होते की लाकडाला चिरा पडतात, आणि आषाढ-श्रावणात तेच लाकूड दमटपणा पिऊन फुगतं. बंद खोलीत हे कमी जाणवतं. पार्किंग किंवा शटरच्या गॅरेजमध्ये मात्र टॉपला दोन्ही ऋतू पूर्ण सोसावे लागतात.

आधी माप घ्या

दुकानात जाण्यापूर्वी गाडी नेहमीच्या जागी लावा, तिचं दार पूर्ण उघडा आणि मग भिंतीपर्यंत किती जागा उरते ते टेपने मोजा. रिकाम्या गॅरेजमध्ये घेतलेलं माप हमखास फसवतं. टॉपची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप, २ फूट पुरते, अडीच फुटांच्या पुढे जाऊ नका. मागच्या भिंतीवरचा पाना घ्यायला दर वेळी टेबलावर ओणवं व्हावं लागलं की कंटाळा येतो. लांबी जागेप्रमाणे ५ ते ८ फूट.

उंचीसाठी सरळ उभे राहा आणि हात खाली सोडा. रंधा मारणं, करवतीने कापणं अशी जोराची कामं जास्त असतील तर टॉप मनगटाच्या रेषेत हवा. सोल्डरिंग किंवा कार्ब्युरेटर साफ करण्यासारखी बारीक कामं असतील तर चार-पाच इंच वर. ही उंची टॉपच्या जाडीसकट धरायची असते, त्यामुळे फॅब्रिकेशनवाल्याला स्टँडचं माप देण्याआधी टॉप पक्का करा.

जाडी आणि आधार

एकाच फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. १८ मिमीचे दोन प्लाय नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पटच होतो. तेच दोन्ही फेविकॉलने पूर्ण चिकटवून एकजीव केले तर आठपट. डबाभर फेविकॉलमध्ये इतका फरक पडतो, म्हणून टॉपच्या खर्चात मी तो सगळ्यात मोलाचा मानतो.

दुसरी बाजू स्टँडची. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये वेल्डिंग करून देणाऱ्यांची उणीव नाही. ४० मिमीच्या चौकोनी पाइपचा स्टँड करून घेत असाल तर टॉपखाली दर दोन फुटांवर एक आडवा पाइप टाकायला सांगा. टॉप पातळ असेल तर आडव्या आधाराने बरंच निभावतं. दोन्ही पातळ असतील तर मात्र हातोड्याच्या प्रत्येक घावाला टेबल उसळतं आणि खिळा वाकडा जातो.

काय घ्यावं

माझी पहिली पसंती फ्लश डोअरला. म्हणजे आपलं बेडरूमचं साधं सपाट दार, पण आत भरीव लाकडी पट्ट्या असलेलं. ७ फूट बाय अडीच फूट, जाडी ३० ते ३५ मिमी. वर्कबेंचला हवं ते माप आयतं मिळतं, तेही सपाट आणि चिकटवून तयार. आमच्या ओळखीचे एक सुतारकाका माझं फुगलेलं टेबल बघून म्हणाले होते, "भाऊ, दार आडवं केलं की टेबल झालं. कशाला बोर्डाच्या नादी लागता?" नवीन दार घेतलं तरी ते चौरस फुटावर मिळतं, म्हणजे साडेसतरा फुटांचे पैसे. पण खरी बचत नाकारलेल्या दारात आहे: माप चुकलेलं, कोपरा ठेचलेलं, कुलपाचं भोक चुकीच्या बाजूला पाडलेलं. फर्निचरचं काम चालू असलेल्या साइटवर किंवा दारांच्या दुकानात मागच्या बाजूला अशी दारं भिंतीला टेकून उभी असतात. विचारलं की बहुतेक वेळा कमी भावात देतात. कुलपाचं भोक भिंतीच्या बाजूला ठेवा. ड्रिल मशीनची वायर खाली सोडायला ते उपयोगी पडतं.

दार निवडताना सगळीकडे बोटाच्या पेराने टकटक करा. भरीव दाराचा आवाज सगळीकडे सारखा आणि बसका येतो. मध्येच ढोलासारखा आवाज आला तर आत पोकळी आहे, ते सोडून द्या. एका बाजूने उचलून बघा. ७ बाय अडीचचं भरीव दार एका माणसाला सहज पेलत नाही. बाथरूमचं काढलेलं दार असेल तर खालच्या वीतभर भागात खिळा टोचून बघा, कुजलेलं असेल तर खिळा आत शिरतो. आणि दार कापून लहान करू नका. त्याच्या चारही कडांना भक्कम लाकडाची चौकट असते. एक बाजू कापली की ती चौकट जाते आणि आतल्या पट्ट्या उघड्या पडतात. त्यापेक्षा दाराच्या मापाचाच स्टँड करा.

मग सपाटपणा. दुकानात हे करायला लाजू नका. दोन जणांनी बारीक दोरा एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरायचा, दुसरा दोरा उरलेल्या दोन कोपऱ्यांमधून. मधोमध दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम शिवले तर दाराला पीळ नाही. मध्ये फट दिसली, किंवा एक दोरा दुसऱ्याला ढकलत असेल, तर खालचा-वरचा दोरा बदलून पुन्हा बघा. एका वेळी फट आणि दुसऱ्या वेळी ढकलणं दिसलं तर दाराला पीळ आहे, ते दार टेबलावर कायम डुगडुगणार. मी एकदा दोरा न लावता नुसत्या नजरेवर दार उचललं होतं. त्या टेबलाच्या एका पायाखाली दोन वर्षं पुठ्ठ्याची घडी होती.

दार मिळालं नाही तर १८ मिमी प्लायचा एक शीट. तो ८ बाय ४ फुटांचा असतो. दुकानातच लांबीत मधोमध कापून घ्या, म्हणजे ८ बाय २ च्या दोन पट्ट्या मिळतात. त्या एकमेकींवर चिकटवल्या की एका शीटमध्ये, एका कापात, ३६ मिमी जाड आणि २ फूट खोल टॉप तयार. काहीही वाया जात नाही. कमर्शियल म्हणून मिळणारा एमआर ग्रेडचा प्लाय दमट हवा सोसतो, पण उभं पाणी सोसत नाही. तुमच्या पार्किंगमध्ये पाऊस आत येत असेल तर बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणाऱ्या ग्रेडचा घ्या. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याच्या परीक्षेतून जातो, पण वर्कबेंचला तेवढी गरज नसते. ते पैसे चांगल्या वाईसवर घाला. कोणताही प्लाय घेताना कड नीट बघा: थरांमध्ये पोकळ फटी दिसत असतील तर नेमका तिथेच बोल्ट सैल होतो.

बांधकामावरून निघालेला सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबच्या साच्याला वापरलेला प्लायही मला आवडतो. त्यावरच्या काळपट-तपकिरी फिल्मला सिमेंट चिकटत नाही, तसा फेविकॉलही धरत नाही. टॉपवर सांडलेला गम वाळल्यावर नखाने सोलून निघतो, हे सुख वापरल्याशिवाय कळत नाही. पण त्याच कारणाने दोन शीट चिकटवायचे असतील तर आतल्या बाजूंची फिल्म आधी पूर्ण घासून काढावी लागते. आणि करवत लावण्यापूर्वी सगळ्या शीटवरून चुंबक फिरवा. तुटलेले खिळे आत हमखास असतात.

औद्योगिक वसाहतीत मशिनरी पाइनच्या खोक्यांमधून येते, त्या फळ्याही स्वस्तात मिळतात. परदेशातून आलेल्या खोक्यावर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरी आणू नका. पाइन मऊ असतं, हातोड्याचे वण लगेच उठतात, आणि फळ्या ऋतूप्रमाणे रुंदीत काही मिलिमीटर हलतात. म्हणून स्टँडला गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून स्क्रू मारा, नाहीतर फळी तडकते. जुन्या नाशकात वाडा उतरवला जातो तेव्हा कडीपाटाच्या सागवानी फळ्या निघतात. त्या मिळाल्या तर भाग्य, पण हल्ली त्यांना फर्निचरवाले चांगला भाव देतात आणि स्वस्त टॉपच्या हिशेबात त्या बसत नाहीत.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, सपाट आणि स्वस्त असतो. पूर्ण बंद, कोरड्या खोलीत दोन थर चिकटवून तो छान चालतो. उघड्या पार्किंगमध्ये नको, कड एकदा भिजली की परत बसत नाही. कडाप्पा आणि शहाबादी फरशीबद्दल बरेच जण विचारतात. ती वाकत नाही, कुजत नाही, पण हातोड्याने तडकते आणि तिच्यावर पटाशी टेकली की धार गेली. धार लावण्याच्या दगडाखाली तुकडा ठेवा, टॉपला नको.

दोन थर चिकटवण्याची पद्धत

हे काम स्टँडवर नाही, सपाट जमिनीवर करा. टॉप वाकड्या पृष्ठभागावर चिकटला की कायमचा वाकडा राहतो. खाली जुनं प्लास्टिक अंथरा. दोन्ही पट्ट्यांच्या चिकटणाऱ्या बाजू कोरड्या फडक्याने पुसा, एका पट्टीवर फेविकॉल ओता आणि पत्र्याच्या दातेरी तुकड्याने कडेपर्यंत पसरा. कुठेही डबकं किंवा कोरडा पॅच नको. उन्हाळ्यात दुपारी करू नका, अर्धं पसरेपर्यंत उरलेलं सुकायला लागतं. सकाळी लवकर, एक माणूस मदतीला घेऊन करा.

दुसरी पट्टी वर ठेवून कडा जुळवा आणि ३० मिमीचे स्क्रू दर आठ इंचांवर मारा, मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, म्हणजे जास्तीचा गम कडेने बाहेर येतो. जाडी ३६ मिमी असल्यामुळे ३० चा स्क्रू पलीकडे निघत नाही. स्क्रूची बाजू ही टॉपची खालची बाजू समजा. कडेने आलेला गम ओल्या फडक्याने पुसा, वर विटा किंवा पाण्याचे कॅन रचा आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका.

बसवताना पुढच्या बाजूला टॉप स्टँडच्या दोन-तीन इंच बाहेर काढा, नाहीतर क्लॅम्प लावायला ओठच मिळत नाही. वाईस नेमका पायाच्या वर हवा, दोन पायांच्या मध्ये नको. लाकडी स्क्रू मारू नका: आरपार बोल्ट घाला आणि टॉपच्या खालून ५ मिमीची लोखंडी पट्टी लावून नट आवळा. फ्लश डोअर असेल तर त्या जागी खालून प्लायचा तुकडा चिकटवून मग पट्टी लावा, म्हणजे नट लाकडात रुतत नाही.

वरचा बदलता थर

टॉप कितीही चांगला असला तरी त्याच्यावर थेट काम करू नका. वर ३ किंवा ४ मिमीचा एमडीएफ किंवा पातळ प्लाय टाका, गम न लावता, फक्त कडेने सात-आठ छोट्या स्क्रूंनी. स्क्रूची डोकी काउंटर करून आत बुडवा. ड्रिल घुसेल, ऑइल सांडेल, सोल्डरचे डाग पडतील, ते सगळं या थरावर. एक बाजू खराब झाली की उलटा करा. दुचाकीचं काम जास्त असेल तर अर्ध्या भागावर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा ठोका, कडा खाली दुमडून, म्हणजे हात कापत नाही.

मुख्य टॉपच्या चारही कडांना आणि खालच्या बाजूलाही सीलर किंवा जवसाचं उकळवलेलं तेल लावा. पाणी वरून कमी आणि कडेतून जास्त शिरतं. माझी पहिली फळी कडेतूनच गेली. जवसाचं तेल लावलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर दोरीवर मोकळी पसरून पूर्ण कडक होऊ द्या.

वरचा थर मी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बदलतो. तोपर्यंत पाऊस ओसरलेला असतो आणि पूजेसाठी सगळी हत्यारं पुसायला काढलेलीच असतात. जुना थर उचलला की खालच्या प्लायवर कुठे काळपट ओल आली आहे का ते एकदा दिसतं. कोरडा असेल तर कडांना तेलाचा हात फिरवायचा आणि नव्या थराचे स्क्रू आवळायचे. सकाळी करवत, रंधा आणि पाने त्या कोऱ्या फळीवर मांडलेले असतात.